मुंबईच्या विमानतळावर खरी वर्दळ आणण्याआधी

एफएसएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स या विमान उडवण्याच्या सिममध्ये, मुंबईला विमान उभं केलं की शेजारी दिसतात ऑर्बिट आणि पॅसिफिकासारख्या कंपन्यांची विमानं. या कंपन्या जगात कुठेच नाहीत. 2006 साली आलेल्या या सिममध्ये आजही मन रमतं, पण जेट एअरवेजची गडद निळी शेपटी आणि किंगफिशरचा लाल रंग दिसल्याशिवाय ती मुंबई वाटत नाही. त्यासाठी एआय विमानं, म्हणजे सिम स्वतःच उडवतो ती विमानं, बाहेरून आणून बसवावी लागतात. बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो नंतर ‘विमान दिसत का नाही’ हे शोधण्यात, आणि त्यातलं बरंचसं शोधणं आधीच्या तयारीने टळतं.

सगळ्यात आधी साल ठरवा. हे काम तांत्रिक नाही, तरी पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, जेट 2019 च्या एप्रिलमध्ये. मुंबईचं नवं टर्मिनल 2 सुरू झालं 2014 मध्ये. त्यामुळे टर्मिनल 2 असलेली सीनरी, म्हणजे सिममधला विमानतळ आणि परिसर, आणि किंगफिशरची एअरबस एकत्र ठेवलीत, तर असा दिवस दिसेल जो कधी उगवलाच नाही. वर्ल्ड ऑफ एआय या हौशी गटाच्या मोफत पॅकेजांत मॉडेल, रंगसंगती आणि वेळापत्रक एकत्र मिळतं, आणि प्रत्येक वेळापत्रक एखाद्या ठरावीक हंगामाचं असतं. माझं मत विचाराल तर 2010 च्या आसपासचं एक वर्ष धरा. एअर इंडिया, जेट, किंगफिशर, इंडिगो, स्पाइसजेट, गोएअर असे सगळे तेव्हा मुंबईत होते, आणि एफएसएक्समधला जुना विमानतळही त्या काळाला शोभतो.

मग सिम कुठे बसवलाय ते पाहा. तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज तिथल्या फाइली बदलू देत नाही, किंवा बदलल्यासारखं दाखवून बदललेली प्रत भलतीकडेच ठेवतं. सी ड्राइव्हवर थेट ‘एफएसएक्स’ नावाचा फोल्डर असला की ही कटकट राहत नाही. ‘सिमऑब्जेक्ट्स’मधला ‘एअरप्लेन्स’ फोल्डर, एफएसएक्स.सीएफजी आणि सीनरी.सीएफजी या सेटिंग्जच्या फाइली यांची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा. हे उद्यावर टाकू नका. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावातली टिंबानंतरची अक्षरं, लपवलेली असतील तर तीही दिसतील असं करून घ्या, कारण पुढे दर पावलाला तीच वाचायची आहेत.

आता सिमची मूळ वाहतूक बंद करा. ‘सीनरी’मधल्या ‘वर्ल्ड’मध्ये आणखी एक ‘सीनरी’ फोल्डर आहे, त्यात ट्रॅफिकएअरक्राफ्ट.बीजीएल ही वेळापत्रकाची फाइल सापडेल. ती पुसू नका, शेवटचं बीजीएल बदलून ऑफ करा. तुमच्या नव्या वेळापत्रकांच्या बीजीएल फाइली मात्र तिथे टाकण्याऐवजी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर सीनरी लायब्ररीत जोडा. काही बिघडलं तर एका टिचकीत सगळी वाहतूक काढता येते.

यापुढचा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. प्रत्येक विमानाच्या फोल्डरमध्ये एअरक्राफ्ट.सीएफजी असते. तिच्यात प्रत्येक रंगसंगतीसाठी ‘एफएलटीसिम’चा एक भाग असतो आणि त्या भागांना शून्यापासून क्रमाने आकडे दिलेले असतात. मधला एखादा आकडा सुटला तर त्यापुढच्या रंगसंगती सिम वाचतच नाही. दोन भागांना एकच आकडा दिला तर त्यातला एक गळतो. भागाच्या सुरुवातीला ‘टायटल’ असतं. वेळापत्रकाची बीजीएल फाइल विमानाला फक्त याच नावाने ओळखते. एक जागा जास्त पडली, एखादी आडवी रेघ कमी पडली, तरी सिमच्या लेखी ते विमान नाहीच. एररही येत नाही, विमान नुसतं उगवत नाही. म्हणून टायटल कधी हाताने टाइप करू नका, कॉपी करूनच चिकटवा. टायटलच्या खाली ‘टेक्श्चर’ची ओळ असते. तिथे ‘एआयसी’ लिहिलं असेल तर फोल्डरचं नाव ‘टेक्श्चर.एआयसी’ हवं. विमान आलं पण त्यावर रंगच नाही, असं झालं की आधी इथे बघायचं.

मॉडेल निवडताना एकच आग्रह धरा: ते एआयसाठीच बनवलेलं असावं. अशा मॉडेलमध्ये कॉकपिट नसतं आणि विमान दूर गेलं की त्याचं साधं रूप आपोआप वापरलं जातं. स्वतः उडवण्यासाठी घेतलेलं देखणं, जड विमान वाहतुकीत घातलंत तर दहा-बारा विमानांतच फ्रेम रेट कोसळतो. एफएसएक्स 32 बिटचा आहे, त्याला 4 जीबीपलीकडे मेमरी वापरताच येत नाही, हे कायम ध्यानात ठेवा. आवाजाचं म्हणाल तर जुनी पॅकेजं बऱ्याचदा एफएस2004 या आधीच्या, 2003 साली आलेल्या सिममधल्या 737-400 चा आवाज उसना घेतात. एफएसएक्समध्ये 737-800 आहे, म्हणून विमान मुकं असेल तर साउंड.सीएफजीतला पत्ता बदला.

वेळापत्रकाची फाइल कोणत्या सिमच्या पद्धतीची आहे हे तपासल्याशिवाय ती आत टाकू नका. जुन्या, म्हणजे एफएस2004 च्या पद्धतीची एक जरी बीजीएल फाइल एफएसएक्समध्ये सुरू राहिली, तरी नव्या पद्धतीच्या सगळ्या फाइली बंद पडतात. कालपर्यंत दिसणारी विमानं आज अचानक गायब झाली आणि नुकतीच टाकलेली कंपनी तेवढी दिसतेय, तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. एआय फ्लाइट प्लॅनर हे मोफत साधन अशा फाइली शोधून देतं आणि त्यांचं रूपांतरही करतं. ते आधीच उतरवून ठेवा.

त्याच साधनात वेळा पाहताना एक गोष्ट विसरू नका: वेळापत्रकातल्या सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. भारत साडेपाच तास पुढे. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. सोमवारी पहाटे दोनला निघणारं विमान वेळापत्रकात रविवारी साडेआठला, रात्रीच्या खान्यात सापडेल. सोमवारच्या खान्यात ते शोधत बसलात तर फाइल चुकीची आहे असं वाटेल. शिवाय प्रत्येक विमानापुढे एक टक्केवारी असते. सेटिंग्जमधली एअरलाइन वाहतुकीची पट्टी त्याहून खाली असेल तर ते विमान येत नाही. चाचणीपुरती पट्टी शंभरवर ठेवा, नंतर खाली आणा.

उरली पार्किंगची जागा. मुंबईचा आयसीएओ कोड, म्हणजे विमानतळाचा चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड, व्हीएबीबी. त्या नावाच्या विमानतळाच्या फाइली सगळ्या सीनरी फोल्डरांत शोधा. बाहेरून आणलेल्या दोन फाइली सापडल्या तर एक बंद करा. विमानं गवतावरून टॅक्सी करतात किंवा टर्मिनलच्या भिंतीतून आरपार जातात, ती अशा दुहेरी फाइलींमुळेच. मग एअरपोर्ट डिझाइन एडिटर या विमानतळाच्या फाइली बदलायच्या साधनात पार्किंगच्या जागांची त्रिज्या बघा. ती विमानाच्या पंखविस्ताराच्या निम्म्याहून कमी नको. ए320 चा विस्तार सुमारे 34 मीटर आहे, त्याला 18 मीटर त्रिज्या पुरते. 777-300ईआर जवळजवळ 65 मीटरचं, त्याला 33 हवी. अशा मोठ्या जागा कमी पडल्या की जेटचं 777 लंडनहून येतं, नीट उतरतं, धावपट्टी सोडतं आणि डोळ्यांदेखत नाहीसं होतं. जागा मिळाली नाही की सिम विमान काढूनच टाकतो. जागेवर कंपनीचा कोड लिहून ठेवला आणि विमानाच्या एअरक्राफ्ट.सीएफजीत, पार्किंग कोडच्या ओळीत, तोच कोड असला, तर एअर इंडिया आपल्या गेटवर जाते. हे काम कंटाळवाणं आहे, पण विमानतळ ओळखीचा वाटायला लागतो तो इथूनच.

चाचणीच्या वेळी एकाच कंपनीचं पॅकेज टाका. विमान दिसलं नाही तर क्रम मोडू नका. आधी पट्टी, मग फाइलीची पद्धत, मग टायटल, मग यूटीसीचा वार, शेवटी पार्किंग. एफएसएक्सच्या डीलक्स आवृत्तीच्या डिस्कवर एसडीके, म्हणजे सिममध्ये भर घालणाऱ्यांसाठीचा साधनसंच, आहे. त्यातला ट्रॅफिक टूलबॉक्स बसवलात तर आसपास कोणतं विमान जागं आहे आणि काय करतंय याची यादी सिममध्येच उघडते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती यादी बघा. सिममधला हवाई वाहतूक कंट्रोलर कंपनीचं नाव न घेता ‘व्हिक्टर टँगो’ने, म्हणजे भारतीय विमानांच्या व्हीटी या अक्षरांनी, सुरू होणारी नोंदणी वाचत असेल, तर ते नाव त्याच्या आवाजांच्या संचात नाही. एडिटव्हॉइसपॅक या साधनाने ते घालता येतं, पण त्याला घाई नाही.

गर्दी वाढल्यावर विमानं उतरता उतरता पुन्हा वर जायला लागतील. मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि सिमचा कंट्रोलर पुढचं विमान बाहेर पडेपर्यंत मागच्याला पुरेसं अंतर ठेवत नाही. एडिटरमध्ये 14/32 वरची उड्डाणं आणि उतरणं बंद करा, 27 वरून बाहेर पडायचे रस्ते तुटलेले नाहीत ना ते बघा, आणि वाहतुकीची पट्टी साठ-सत्तरवर आणा. एवढं करून पहाटे दोनची गर्दी अर्धा तास सुरळीत चालली, की पुढच्या कंपनीचं पॅकेज उघडायला हरकत नाही.