न्यूयॉर्क-मुंबई प्रवासाचा वेळ कसा मोजायचा?

न्यूयॉर्क ते मुंबई हे अंतर जवळात जवळच्या हवाई मार्गाने सुमारे 12,540 किलोमीटर आहे. तिकीट निवडताना मात्र या आकड्याचा फारसा उपयोग नाही. दुबईमार्गे गेलात तर ते साधारण 13 हजार भरतं, लंडनमार्गे त्याहूनही थोडं कमी. दोन्ही शहरं जवळजवळ वाटेवरच आहेत. वेळ खातो तो मधला थांबा.

थेट विमानाला मुंबईकडे येताना 15 तासांच्या आतबाहेर लागतात, परतताना साधारण तासभर जास्त. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे येताना विमानाला ढकलतात आणि जाताना आडवे येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. शिवाय आकाश सगळ्यांना सारखं खुलं नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. म्हणून जुन्या माहितीतले तास धरू नका. तिकिटावर छापलेला एकूण कालावधी बघा.

वेळा वाचताना नवे लोक हमखास चुकतात, कारण तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. हिवाळ्यात मुंबई साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. भारतातली बदलत नाहीत. जानेवारीत शुक्रवारी रात्री 9 ला निघून शनिवारी रात्री 10 ला मुंबईत उतरलात, तर घड्याळ 25 तास दाखवतं; त्यातून साडेदहा वजा करा, प्रवास साडेचौदा तासांचाच. परतताना हेच साडेदहा मिळवायचे.

मुंबईहून सुटणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर ‘रविवार 00:50’ असेल तर घरातून शनिवारी रात्री निघायचं. आईवडिलांचं तिकीट काढलंत तर हे त्यांना वाराचं नाव घेऊन, दोनदा सांगा. नुसती तारीख सांगितली की घोळ होतो, आणि तो चोवीस तास उशिरा लक्षात येतो.

न्यूयॉर्कपुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं. सामानही साधारणपणे तिथेच पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं, मग त्यावर शेवटच्या शहराचा टॅग का असेना. दोन विमानतळ वेगळे असतील, म्हणजे जेएफकेला उतरून नेवार्कहून पुढचं विमान, तर तीन तास अजिबात पुरत नाहीत. मध्ये अख्खं शहर ओलांडायचं असतं. ‘स्वस्त’ म्हणून दिसणाऱ्या तिकिटात हे बारीक अक्षरात लपलेलं असतं. सगळी उड्डाणं एकाच बुकिंगवर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनी करते. दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर दुसरं सहसा वाया जातं.