या चुका टाळा : 'युब्यू रवा' बाहुल्यांवर बसवताना

फ्रेंच नाटककार आल्फ्रेद जारीचा 'युब्यू रवा' (रवा म्हणजे राजा, शिऱ्यातला नव्हे) कॅबरेसाठी बाहुल्यांवर करायला घेतला की बहुतेक मंडळी समजतात, आपण मोठं नाटक लहान करतोय. खरं तर ते परत घरी चाललंय. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या शाळेतल्या पोरांनी भौतिकशास्त्राच्या एबेर मास्तरांची टर उडवायला रचलेला हा चावटपणा. जारी १८८८ मध्ये त्या शाळेत आला, आणि पोरांनी घरातच त्याचे बाहुल्यांचे खेळ केले. पॅरिसमध्ये माणसांनी तो रंगमंचावर केला आणि प्रेक्षागृहात हलकल्लोळ माजला, ते डिसेंबर १८९६ मध्ये. गोष्ट एवढीच : खादाड, भित्रा युब्यू बायकोच्या डिवचण्याने पोलंडच्या राजाला मारून गादी बळकावतो आणि राजपुत्र सूड घ्यायला उठतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाचही अंक ठेवणं. कॅबरेत समोर पेला असतो, वेटर फिरत असतो, शेजारच्या टेबलावर वाढदिवस असतो. तिसऱ्या अंकापर्यंत निम्मे लोक बिलाकडे बघू लागतात. काय कापायचं याचा धडा जारीनेच घालून दिलाय. १९०१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या 'कात्झार' कॅबरेसाठी त्याने पाचाचे दोन अंक केले, गाणी घातली आणि हातात घालायच्या बाहुल्यांकडून खेळ करवला. मी कात्री लावताना सूड घेणाऱ्या राजपुत्राची भाषणं आधी उडवतो. युब्यूबाई नवऱ्याला गादीसाठी डिवचते त्या प्रवेशाला मात्र हात लावू नये. 'मॅकबेथ'ची सगळी थट्टा तिथेच आहे.

गर्दी दिसत नाही म्हणून बाहुल्या वाढवणं ही दुसरी. एका कलाकाराला हात दोन, त्यामुळे एका वेळी बाहुल्याही दोनच. आणखी माणसं आत घेतलीत की कोपराला कोपर लागतो. जारीने १८९६ च्या जानेवारीत दिग्दर्शक ल्युन्ये-पो याला पत्र लिहून बजावलं होतं : फौजेच्या जागी एकच शिपाई, घोड्याच्या जागी गळ्यात अडकवलेलं पुठ्ठ्याचं डोकं, आणि स्थळ बदललं की पाटी. नाटक त्याने माणसांच्या रंगमंचासाठी लिहिलं होतं, पण डोक्यात बाहुल्याच होत्या.

सरदारांना खड्ड्यात ढकलण्याचा प्रवेश अनेकांना अवघड वाटतो आणि ते चक्क यांत्रिक झडप बनवतात. गरज नाही. पुढची फळी, जिच्याआड कलाकार लपतो, हाच खड्डा. सरदार फळीच्या आड गेला की मेला. पुढच्या बाहुल्या फळीखाली आकड्यांवर उलट्या टांगून ठेवा, म्हणजे हात सरळ आत जातो. प्रवेश रेंगाळत असेल तर नव्व्याण्णव टक्के वेळा कारण हेच असतं की कलाकार आत बाहुली शोधतोय.

आता पोट. युब्यूचं पोट म्हणजे अर्धं नाटक, म्हणून कारागीर ते हौसेने भरतात. मग तालमीत कळतं की बाहुलीचे हात पुढे जुळतच नाहीत, दांडका धरता येत नाही, आणि वीस मिनिटांत कलाकाराचा खांदा भरून येऊन राजा हळूहळू फळीत बुडायला लागतो. जारीने स्वतः काढलेलं युब्यूचं चित्र बघा : नासपतीसारखं डोकं, पोटावर मोठी गोल वेटोळी. भार खाली, हातांच्या खालच्या पातळीला ठेवा, आणि कापसाच्या बोळ्यांऐवजी हलका फोम वापरा. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहून वाढलेल्यांना दोऱ्यांचा मोह होतो, पण दांडक्याच्या मारामारीत दोऱ्या गुंततात. इथे ल्योंच्या गिन्योलची, म्हणजे हातात घालायच्या बाहुलीची जात बरी.

बोलत नसलेली बाहुली हलवू नका. एवढं पाळलं तरी 'कोण बोलतंय कळत नाही' ही तक्रार जाते.

नाटकातल्या 'मर्द्र' या शिवीचं मराठीत काय करायचं, हा मात्र खरा डोकेदुखीचा प्रश्न. फ्रेंचमधल्या विष्ठेच्या शिवीत जारीने एक जास्तीचा र घुसवला. मराठीत 'शी' केलं की खेळ बालनाट्याचा होतो, आणि शुद्ध शिवी घातली तर तो फक्त अश्लील होतो, वेडा होत नाही. माझा तोडगा : 'ग्रू!' ओळखीचा वास येतो, पण शब्द कोशात सापडत नाही. वाक्यात कुठेही बसतो, ढेकरासारखा उच्चारता येतो. पहिल्यांदा आल्यावर दोन क्षण थांबा, लोकांना ते समजायला तेवढा वेळ लागतो.

उपहास धारदार करायचा म्हणून युब्यूला चालू पुढाऱ्याचा चेहरा लावणं हा मोह सगळ्यांना होतो. त्या रात्री टाळ्या मिळतात. पण मग लोक खादाड, भित्र्या, कर लादणाऱ्या माणसाला न हसता त्या एका नाकाला हसतात, आणि विरोधी पक्षाचे लोक तर फारच निश्चिंत होऊन हसतात. जारीने गोष्ट पोलंडमध्ये, 'म्हणजे कुठेच नाही' तिथे घडवली. तेव्हा पोलंड नकाशावर नव्हताच. ताज्या बातम्यांवरून चिमटे काढायची हौस गाण्यांच्या कडव्यांत भागवा, कडवं दर आठवड्याला बदलता येतं. डोकं बदलता येत नाही, ते लगद्याचं असतं आणि वाळायलाच दिवस लागतात.

फळीची उंची तालमीच्या खोलीत ठरवू नका. कॅबरेत जाऊन सगळ्यात मागच्या टेबलाशी बसा, पुढच्या खुर्च्यांवर चार उंच माणसं बसवा आणि अस्वलाचा प्रवेश चालू करायला सांगा. युब्यू खडकावर चढून प्रार्थना पुटपुटत असतो आणि खाली त्याची माणसं अस्वलाशी झुंजत असतात. खालचं अस्वल दिसलं नाही, तर फळी चार बोटं वर घ्या.