लिंकनची चंद्राची केस घरबसल्या कशी तपासायची

लिंकन प्रेसिडेंट व्हायच्या आधी वीसेक वर्षं इलिनॉयमध्ये वकिली करायचा, त्यातली १८५८ ची खुनाची केस तुम्ही ऐकली असेल. आरोपी डफ आर्मस्ट्राँग, लिंकनच्या न्यू सेलम गावातल्या जुन्या दोस्ताचा पोरगा, दोस्त वारलेला, त्यामुळे फी घेतली नाही. साक्षीदार म्हणाला, रात्री ११ च्या सुमारास दीडशे फुटांवरून सगळं बघितलं, चंद्र चांगला वर होता. लिंकनने ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग सरळ पंचांग पुढे केलं (तिकडचं अल्मनॅक हो), त्यात चंद्र तेव्हा मावळायला आलेला. पोरगा सुटला. पण नंतर पुड्या सुटल्या की पंचांग दुसऱ्याच वर्षाचं होतं!

आता हे आपणच बघू. स्टेलेरियम नावाचं, कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उघडा. तारीख टाका २९ ऑगस्ट १८५७, म्हणजे ज्या रात्रीच्या मारामारीवरून ही केस झाली ती. १८५८ टाकू नका, ते खटल्याचं वर्ष, मी पहिल्यांदा तेच टाकलं आणि अर्धा तास लिंकनला खोटारडा समजत बसलो. खटला बिअर्डस्टाउनला चालला पण मारामारी मेसन काउंटीत झालेली, म्हणून लोकेशनला अक्षांश ४०.३ उत्तर, रेखांश ९०.१ पश्चिम भरा. टाइमझोन यूटीसी उणे ६, डेलाइट सेव्हिंग बंद. तेव्हा स्टँडर्ड टाइम नव्हताच, पण जागा ९० रेखांशाला अगदी चिकटून असल्याने तिथली स्थानिक वेळ आजच्या सेंट्रल टाइमशी (तेच यूटीसी उणे ६) जवळपास जुळते, नशीबच म्हणायचं.

आता घड्याळ रात्री ११ ला न्या आणि नैर्ऋत्येला बघा. चंद्र क्षितिजाला टेकायला आलेला दिसेल, हात लांब करून मूठ धरली तर तेवढासुद्धा वर नाही, आणि बारा वाजून काही मिनिटांत गायब. आता तुम्ही म्हणाल अर्ध्याहून मोठा शुक्ल पक्षातला चंद्र इतक्या लवकर कसा मावळला? तर तेव्हा तो दक्षिणेला खूपच कलून चाललेला, असं साधारण साडेअठरा वर्षांनी येतं.

एवढ्यावर थांबू नका, घड्याळ मागे संध्याकाळी ८ वर आणा. दक्षिणेला मस्त चंद्र लटकलेला दिसेल. म्हणजे त्या संध्याकाळी बाहेर असलेल्या लोकांनी चंद्र खरंच बघितला असणार, फक्त तीन तास आधी, आणि माझ्या मते खोट्या पंचांगाची पुडी तिथूनच सुटली.