कॅल्विन मानणाऱ्या भावाशी तारणावर बोलायचं कसं

मिरजेत डॉ. वॉनलेसनी १८९४ ला दवाखाना काढला ते मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन, म्हणजे मुळात कॅल्विनच्याच (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक, तारण कुणाला मिळणार हे देवच ठरवतो असं शिकवणारा) शिकवणीतलं, त्यामुळे सांगली-मिरजेकडं बायबल स्टडीत हा विषय कधी ना कधी निघतोच. तारण, म्हणजे पापातून सुटका, माणसाला नम्रपणे स्वीकारावं लागतं असं माझं ठाम मत आहे, पण ते मांडताना आपली माणसं उगाच अडकतात.

आधी समोरच्याचं म्हणणं नीट समजून घ्या. देव माणसाला मनाविरुद्ध ओढतो असं ते म्हणत नाहीत, देव आधी मन बदलतो आणि मग माणूस खुशीनं येतो, असं नेदरलँड्समधल्या कॅल्विनपंथीयांच्या १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेनं ठरवलं. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या, म्हणजे विरुद्ध बाजूच्या, लोकांनी १६१० मध्येच लिहून दिलेलं की कृपेशिवाय कुणी येऊच शकत नाही पण ती नाकारता येते. म्हणजे योहान ६:४४ (पित्यानं ओढल्याशिवाय कुणी येऊ शकत नाही) दोघांनाही मान्य, तिथं वेळ घालवू नका.

प्रकटीकरण ३:२० (मी दाराशी उभा राहून ठोकतोय) वापरू नका, ते लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे आधीच विश्वासात असलेल्यांना लिहिलंय. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये ७:५१ काढा, पवित्र आत्म्याला विरोध करता येतो हे तिथं सरळ आहे.

मग ते म्हणणार, स्वीकारणं हे तुझं कर्मच झालं की, म्हणजे तारण तूच कमावलंस. इथं लूक १८ सावकाश वाचा. परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आपली पुण्यं मोजतोय, आठवड्यातून दोनदा उपास, दशमांश. जकातदार लांब उभा, वर बघायचीही हिंमत नाही, ऊर बडवतोय आणि फक्त दया मागतोय. त्याच्याकडं मिरवण्यासारखं काहीच नाही तरी तो मागतोय, आणि नीतिमान ठरून घरी तोच जातो. आर्मिनियसनं भिकाऱ्याचं उदाहरण दिलेलं, हात पुढं केला म्हणून भीक ही मजुरी होत नाही.

खरा अवघड प्रश्न पुढं आहे: तू स्वीकारलंस, शेजाऱ्यानं नाही, फरक कुणामुळं? १ करिंथ ४:७ (तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?) दाखवतील. हा प्रश्न टाळू नका. हो म्हणायची ताकदही देवानंच दिली म्हणून श्रेय त्याचं, नाही म्हणणं मात्र आपलं, असं मी सांगतो. सगळ्यांचं समाधान होत नाही पण मला शास्त्राला धरून हेच दिसतं.

रोमकरांस ९ (देव हवं त्याच्यावर दया करतो) निघाला तर ११:२३ पर्यंत एका बैठकीत वाचा, फांद्या अविश्वासामुळं तोडल्या, तू विश्वासानं उभा आहेस, गर्व करू नको असं तिथं आहे. याला निवांत तासभर लागतो, म्हणून मीटिंग संपून चहा आल्यावर हा विषय काढू नका.