खोका सादळलाय का, हे लॅपटॉप सांगत नाही

पॅकेजिंगमध्ये येऊ बघणाऱ्या मुलामुलींचा हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, वर्क फ्रॉम होम मिळतं का?"

मिळतं. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. पण त्याआधी चार वर्षं कोथरूडहून पहाटे चाकणची कंपनीची बस पकडलीये. अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमधून दोन वर्षांचा डिप्लोमा केला होता, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने हातात टेपगन दिली आणि म्हणाला, "शंभर खोकी भरून दाखवा, मग ड्रॉइंग काढा." राग आला होता. चाळिसाव्या खोक्याला मनगट भरून आलं, तेव्हा कळलं की माझ्या डिझाइनमधला आतला पार्टिशन बसवायला प्रत्येक वेळी दोन हात लागतात.

पुढच्या नोकरीत हायब्रिड मिळालं. खर्च कमी करायचा म्हणून मी एका फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या खोक्याच्या कागदाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) उतरवला. खोका किती भार पेलतो हे बघणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टचा रिपोर्ट चांगला होता, घरूनच मंजुरी दिली. जुलैत भिवंडीच्या गोदामातून फोन आला, खालच्या थरातली खोकी फुगलीयेत. व्हिडिओ कॉलवर मला नुसती तपकिरी भिंत दिसत होती. शेवटी गेले. तिथल्या काकांनी खोक्याचा कोपरा अंगठ्याने दाबला, तो आत गेला तो तसाच राहिला. "मॅडम, सादळलंय हे. पापडासारखं."

टेस्टच्या आधी खोकी 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेवलेली असतात. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या गोदामात आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते आणि पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! मंजुरी देताना मात्र डोक्यात प्रयोगशाळाच होती, भिवंडी नव्हती.

तर घरून नेमकं काय होतं? डायलाइन (खोक्याच्या कापायच्या आणि दुमडायच्या रेषांचा आराखडा) काढणं, 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटवर खोकी कशी बसतील ते सॉफ्टवेअरवर मांडणं, स्पेसिफिकेशन लिहिणं, व्हेंडरशी मेलामेली. आर्टवर्क तपासणं तर घरूनच बरं, कारण एमआरपी, निव्वळ वजन, तक्रारीसाठीचा पत्ता यातलं एक अक्षर चुकलं तरी छापलेला सगळा माल अडकतो आणि त्या कामाला शांतता लागते. प्लास्टिकच्या ईपीआरचे, म्हणजे पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीवर टाकणाऱ्या नियमाचे आकडे जुळवणंही असंच, कंटाळवाणं पण खुर्चीतलं.

छपाईची शेड मात्र स्क्रीनवर मंजूर करू नका. सह्या केलेलं शेड कार्ड, म्हणजे मंजूर रंगछटांचा नमुना हातात धरून, चांगल्या उजेडात बघायचं. लाइन ट्रायलला, म्हणजे नवं पॅकिंग कारखान्यातल्या मशीनवर चालवून बघायला तर तिथे जाण्यावाचून पर्यायच नाही. मशीन ऑपरेटर दादा "चालतंय मॅडम" म्हणतात, त्यातलं कोणतं 'चालतंय' म्हणजे 'चालत नाहीये', ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ड्रॉप टेस्टही तशीच. आयएसटीए 1ए या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू असा दहा वेळा खोका पाडतात. रिपोर्टमध्ये 'पास' येतं. सातव्या वेळी आत काहीतरी खुळखुळलं, हे रिपोर्टमध्ये येत नाही.

पूर्ण रिमोट कामंही आहेत, बहुतेक परदेशी कंपन्यांसाठी डिझाइन आणि स्पेसिफिकेशनची. माझी एक मैत्रीण करते. दुपारी दोनला बसते, रात्री अकराला उठते. पैसे बरे आहेत, पण तिने डिझाइन केलेला एकही खोका तिने हातात घेतलेला नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटलं असतं. नव्या माणसाने निदान पहिली दोन-तीन वर्षं तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाखतीत "किती दिवस घरून?" एवढंच विचारून थांबू नका. ट्रायल कुठे होतात, ट्रायल घरच्या दिवशी आली तर काय करायचं आणि रात्रपाळीत लाइन बंद पडली तर फोन कोणाला जातो, हेही विचारा. मी एका ठिकाणी हा शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ती नोकरी मी घेतली नाही.