जुलाब झालेल्या बाळाच्या आईला ओआरएस समजावताना
‘भरपूर पाणी पाजा’ एवढा सल्ला पुरत नाही. ओआरएसचे, म्हणजे जलसंजीवनीच्या पुडीचे, एक लिटरचे पाकीट संपूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदमच विरघळवायचे, चिमूटभर पूड ग्लासात टाकायची नाही आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण ओतून द्यायचे, हे आशाताईंनी (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांनी) घरातलेच भांडे मोजून दाखवत सांगावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, हे सांगायचे मात्र अनेकदा राहून जाते. ‘समजले का?’ या प्रश्नाला सासूबाईंसमोर कोणतीही सून ‘हो’च म्हणेल, त्यापेक्षा ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणावे. बाळ सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर ताबडतोब आरोग्य केंद्र गाठावे, हे आईच्याच बोलीत सांगावे.