इंजिन नीट गरम होत नाही? मग या चुका टाळा

गाडी तापली की सगळे घाबरतात, पण गाडी गरमच होत नाही म्हटलं की लोक उलट खुश, "बरंय की, इंजिन थंड राहतंय". अहो नाही बरं! इंजिन साधारण ८५ ते १०० डिग्रीला चालायला बनवलेलं असतं. त्याच्या बरंच खाली राहिलं तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि झीज वाढते. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसायला लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. नव्या डिझेल गाड्यांचं डीपीएफ रीजनरेशन (धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ करणं) अडकतं ते वेगळंच.

आधी फॉल्ट खरंच आहे का ते बघा. डिसेंबरात सकाळी कोथरूडहून डेक्कनला जाईपर्यंत डिझेल इंजिन पूर्ण गरम झालं नाही तर त्यात काही बिघाड नाही, तेवढं अंतरच पुरत नाही. पण पंधरा-वीस मिनिटं सलग चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल, किंवा ट्रॅफिकमध्ये वर आणि हायवेला लागलं की खाली असं होत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय हा पहिला संशय.

आता सगळ्यात मोठी चूक, जी बघून बघून मी खरंच वैतागलोय. थर्मोस्टॅट काढून फेकणे. "तो थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे गरज नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची पेट्रोल गाडी, तक्रार काय तर ॲव्हरेज गेलं आणि एक्सप्रेसवेने मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरला की काटा पार तळाला. एका गॅरेजने प्लग बदलले, मग इंजेक्टर क्लीनिंग केलं, मग ऑक्सिजन सेन्सर, काका बिचारे पैसे देत गेले. मी त्यांना म्हटलं काका, सकाळी गाडी चालू न करता थांबा, मी येतो. थंड गाडी चालू केली आणि फॅन-बेल्टपासून लांब राहून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावला. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग पटकन गरम होतो. इथे पाईप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. गाडी बंद करून थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! मागे कधीतरी गाडी तापली होती तेव्हा कुणीतरी काढून टाकलेला, काकांना पत्ताही नाही, आणि तापण्याचं खरं कारण म्हणजे चोक झालेला रेडिएटर तसाच.

आणि ऐका, काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तो काढला की थोडं गरम कूलंट रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे तापू नये म्हणून काढलात तर ट्रॅफिकमध्ये गाडी आणखी तापू शकते.

पुण्यातल्या नाना पेठेतून (स्पेअर पार्टच्या बाजारातून) नवीन थर्मोस्टॅट आणला तरी मी तो आधी पातेल्यात पाणी तापवून बघतो, सोबत थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर तापमान कोरलेलं असतं, ८२ किंवा ८८ वगैरे, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, पण हल्ली कुणाला धीरच नाही.

दुसरी चूक, स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाड वाचायच्या यंत्रावर) पी०१२८ कोड आला की सरळ कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बदलणे. तो कोड एवढंच सांगतो की कूलंट ठरलेल्या वेळात गरम झालं नाही, सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. रात्रभर उभी असलेल्या गाडीत स्कॅनरवर लाईव्ह डेटा बघा, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर बहुतेक वायर किंवा कनेक्टर तुटलाय. मग गाडी चालवून हीटर लावा (पुण्यात कुणी लावत नाही, पण लावा). काटा खाली आणि हीटरची हवा चांगली गरम, तर सेन्सर किंवा मीटर. हवाही कोमट, तर थर्मोस्टॅट.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो.

रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केलेला (म्हणजे सतत फिरत राहील असा जोडलेला) असेल तर आधी पूर्ववत करून घ्या. एसी चालू असताना फॅन फिरणं मात्र नॉर्मल आहे.

कूलंट कमी असणं ही धोक्याची गोष्ट, कारण सेन्सर कोरडा पडला की काटा खाली दिसतो आणि आत इंजिन भाजत असतं. म्हणून लेव्हल सगळ्यात आधी, आणि तीही गाडी थंड असतानाच. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार साचतात. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा (एअर) काढल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, आणि थर्मोस्टॅटला छोटं भोक असेल तर ते वरच्या बाजूला बसवलंय ना, हे हाउसिंग बंद करायच्या आधी उभं राहून बघा.